छोटी लाइन टेबलावर आणताना



ग्वाल्हेरात ‘छोटी लाइन’ म्हटलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या स्टेशनाच्या शेजारचा तो बुटका फलाट, टपावर बसलेली माणसं आणि घोसीपुऱ्याकडे रमतगमत निघणारी गाडी, हे सगळं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाडी थांबली. ती पुन्हा निघालीच नाही. त्यानंतर मोठ्या लाइनसाठी जुने रूळ उखडले गेले. आता प्राथमिक शाळेत असलेल्या आपल्या मुलांच्या आठवणीत ही गाडी नाही.

गेली दोन-अडीच वर्षं मी घरी या लाइनवरच्या एका स्टेशनाचं छोटं मॉडेल करतो आहे. मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेले लोक विचारतात, “इंजिन कुठून आणलंत? किती खर्च आला?” खरं सांगायचं तर इंजिन आणि डिंक हा या कामाचा सोपा भाग. जास्त वेळ गेला तो शोधण्यात. स्टेशन कसं होतं, रूळ कुठून वळत होते, डबा किती रुंद होता, याची उत्तरं एका जागी मिळत नाहीत. ती कशी शोधायची आणि मग टेबलावर कशी उतरवायची, हे कुणाला करावंसं वाटलं तर उपयोगी पडावं म्हणून इथे लिहितो आहे.

खेळण्यातून निघालेली रेल्वे

या लाइनचं मॉडेल करण्यात एक गंमत आहे. मुळात ही रेल्वे सुरू झाली तीच हौसेतून. माधवराव शिंदे महाराजांना इंजिनांचं विलक्षण वेड होतं. राजवाड्याच्या आवारात त्यांनी छोटी रेल्वे घातली आणि पुढे तिचाच विस्तार होत ‘ग्वाल्हेर लाइट रेल्वे’ उभी राहिली. भिंड आणि शिवपुरी या दोन्ही दिशांच्या लाइन १८९९ मध्ये सुरू झाल्या. तिसरी लाइन जौरा, कैलारस, सबलगढ करत पुढे सरकली आणि १९०९ मध्ये श्योपूरला पोचली.

रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, म्हणजे ६१० मिलीमीटर. ग्वाल्हेर ते श्योपूर हे सुमारे २०० किलोमीटरचं अंतर एवढ्या अरुंद रुळांवरून कापलं जाई. दोन फुटी गेजवर इतक्या लांबवर प्रवाशांची नियमित ने-आण करणारी दुसरी लाइन अलीकडच्या काळात जगात उरली नव्हती.

जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी तर आपण सर्वांनी पाहुण्यांना नेऊन दाखवली आहे. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी ही गाडी काचेच्या पात्रांतून पेयं पाहुण्यांपर्यंत नेई. पात्र उचललं की थांबे, परत ठेवलं की पुढे निघे. तेव्हा ‘टेबलावरची रेल्वे’ ही काही ग्वाल्हेरला नवी गोष्ट नाही. फरक इतकाच की ती गाडी मेजवानीसाठी होती आणि आपल्याला करायची आहे ती धान्याची पोती, दुधाच्या बरण्या आणि लग्नाचं वऱ्हाड नेणारी.

एक ठिकाण, एक साल, एक गाडी

नवख्याची पहिली चूक म्हणजे सगळी लाइन करायचा बेत. हिशेब करून पाहा. खऱ्याच्या बहात्तराव्या भागाचं मॉडेल करायचं म्हटलं तरी २०० किलोमीटरचे पावणेतीन किलोमीटरपेक्षा जास्त होतात. एक साधारण दीडशे मीटर लांबीचं स्टेशनसुद्धा याच प्रमाणात दोन मीटर जागा घेतं. म्हणजे भिंतीला लागून एक लांब फळी. घरच्यांची परवानगी मिळवायला एवढंच पुरेसं अवघड आहे.

म्हणून ठिकाण एकच घ्यावं. मी सबलगढ घेतलं, कारण ते माझं आजोळ. शिवाय लाइन श्योपूरला पोचण्याआधी काही काळ सबलगढ हेच शेवटचं स्टेशन होतं. शेवटच्या स्टेशनावर इंजिन वळवायची, पाणी भरायची, रात्री गाडी उभी करायची सोय लागते. लाइन पुढे गेली की त्यातलं काही वापरात राहतं, काही पडीक होतं आणि काही नाहीसं होतं. यातूनच दुसरा मुद्दा येतो. नुसतं ‘सबलगढ’ म्हणून भागत नाही, कुठल्या सालचं सबलगढ हे ठरवावं लागतं.

मलाही आधी वाफेच्या इंजिनाचा मोह झाला होता. शेवटी मी १९९८ चा हिवाळा निवडला. त्यामागचं कारण साधं आहे. १९१० चं स्टेशन मी चुकीचं केलं तर ते सांगायला आज कुणी नाही. १९९८ चं चुकीचं केलं, तर माझी आई, मामा, मावशी आणि मंडळातले निदान वीसजण मला लगेच पकडतील. पहिलं मॉडेल करताना असे परीक्षक हाताशी असणं फार मोलाचं आहे. हिवाळा अशासाठी की त्या दिवसांत या भागात मोहरीची शेतं पिवळी झालेली असतात. मॉडेलवर ऋतू एकच असावा लागतो. एका बाजूला मोहरी फुललेली आणि दुसऱ्या बाजूला पावसाचं डबकं, असं चालत नाही.

नावं बदलली की कागद हरवतात

शोध सुरू केला की लक्षात येतं, माहिती नाही असं नाही, ती वेगवेगळ्या नावांखाली विखुरली आहे. संस्थानच्या काळातले उल्लेख ‘ग्वाल्हेर लाइट रेल्वे’ किंवा ‘सिंदिया स्टेट रेल्वे’ या नावांखाली आहेत. १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली, म्हणून त्यापुढची कागदपत्रं मध्य रेल्वेच्या नावावर. झाशी विभाग पुढे उत्तर मध्य रेल्वेत गेला, तेव्हा अलीकडचं काही हवं असेल तर ते त्या नावावर. गावांचंही तसंच. जुन्या कागदांत ‘शिवपुरी’ शोधाल तर फारसं मिळणार नाही, कारण तेव्हा तिचं नाव ‘सिप्री’ होतं. सबलगढचं इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे सापडतं. प्रत्येक नावाने वेगळा शोध घ्यायचा, हा पहिला नियम.

मला उपयोगी पडलेले मार्ग असे. ग्वाल्हेर संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल छापले जात. त्यांत रेल्वेचं प्रकरण असतं. जुन्या ‘इम्पीरियल गॅझेटियर’मध्ये तेव्हाच्या लाइनची लांबी मैलांत दिलेली आहे. कलकत्त्याहून निघणाऱ्या न्यूमनच्या ‘ब्रॅडशॉ’ वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा सापडतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर लाइन, पूल आणि स्टेशनं आहेत. वाफेची इंजिनं करायची असतील तर ह्यू ह्यूज यांच्या ‘इंडियन लोकोमोटिव्ह्ज’ मालेतला नॅरो गेजचा भाग पाहावा. त्यात १९४० पर्यंतच्या इंजिनांच्या याद्या आहेत.

अलीकडच्या काळासाठी सगळ्यांत उपयोगी म्हणजे उपग्रहाची छायाचित्रं. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं पाहायची सोय आहे. रूळ उखडण्याआधीच्या सालावर गेलात की स्टेशनातली दुसरी लाइन कुठे सुरू होते, कुठे मिळते, फलाट किती लांब आहे, हे तिथल्याच मोजपट्टीने मोजता येतं. ही लाइन एकेरी होती. समोरासमोरच्या दोन गाड्या स्टेशनातल्या या दुसऱ्या लाइनवरच एकमेकींना वाट देत. तेव्हा ती कुठे आणि केवढी, हे कळल्याशिवाय स्टेशन कळत नाही.

आणि शेवटचा मार्ग म्हणजे आपली घरं. जुनं तिकीट, बदलीचा हुकूम, प्रवासखर्चाची वही, “गाडी चार तास उशिरा आली” असं लिहिलेलं पोस्टकार्ड. आपल्यापैकी काहींच्या पणजोबांचे कागद मोडीत आहेत. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत टाकू नका. मोडी वाचणारी माणसं अजून मिळतात.

फोटोवरून माप काढायचं

डब्याचा नकाशा मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तरी वाट बंद होत नाही. आपल्याला एक माप पक्कं माहीत आहे, रुळांमधलं ६१० मिलीमीटर. गाडी अगदी समोरून किंवा मागून टिपलेला फोटो शोधा. समजा फोटोत दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर १२ मिलीमीटर भरलं आणि त्याच रुळांवर उभ्या असलेल्या डब्याची रुंदी ३८ मिलीमीटर. ३८ ला १२ ने भागून ६१० ने गुणा, उत्तर येतं सुमारे १९३० मिलीमीटर. म्हणजे डबा साधारण सहा फूट चार इंच रुंद.

यात एक पथ्य पाळायचं. रूळ मोजायचे ते डब्याच्या तोंडाखालचे. पुढे आलेले रूळ फोटोत मोठे दिसतात आणि मग डबा खऱ्यापेक्षा अरुंद निघतो. एकाच फोटोवर विसंबू नये. तीन-चार फोटोंवरून काढलेली मापं जवळपास जुळली तरच ती वहीत पक्क्या शाईने लिहावीत. माझ्या वहीत तीन रकाने आहेत: ‘मोजलेलं’, ‘कुणीतरी सांगितलेलं’ आणि ‘अंदाज’. मॉडेल पूर्ण झालं की यातलं काहीच वेगळं दिसत नाही, सगळं सारखंच खरं वाटतं. म्हणून ही वही मॉडेलइतकीच जपायची.

उलटा फोटो

आता माझीच एक फजिती सांगतो. मामांच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवरून मी एका दुकानात स्कॅन करून घेतलं. फलाटावर सगळं कुटुंब उभं, मागे गाडी, बाजूला दुसरी लाइन. त्यावरून फळीवर रूळ आखले, दोन फूट लांबीचे चिकटवूनही टाकले. मग कौतुकाने आईला फोटो दाखवला.

आई ऐंशी पार केलेली. चष्मा लावून तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “अरे, मी आणि मावशी उजव्या खांद्यावर पदर कधी घ्यायला लागलो?”

इथल्या शेजारणी सरळ पल्ला घेत, त्यांचा पदर उजव्या खांद्यावर असे. आमच्या घरात मात्र पदर डाव्याच खांद्यावर. मी नीट पाहिलं, तर मामांचं घड्याळही उजव्या मनगटावर आणि बाबांच्या शर्टाची बटणंही उलट्या बाजूला. निगेटिव्ह उलटं ठेवून स्कॅन झालं होतं. फोटोत स्टेशनाची पाटी किंवा एखादं अक्षर असतं तर लगेच कळलं असतं. ते नव्हतं, म्हणून सगळं स्टेशन आरशातल्यासारखं उलटं आखलं गेलं. दोन फूट रूळ उचकटून पुन्हा घातले.

त्या दिवसापासून मी कुठलाही फोटो आधी आईला दाखवतो. ती रुळांबद्दल काही सांगत नाही. ती सांगते की हिवाळ्यात सकाळचं ऊन फलाटाच्या कुठल्या टोकाला यायचं, कारण तिथेच सगळ्याजणी स्वेटर विणत उभ्या राहायच्या. उन्हाची बाजू कळली की इमारतीचं तोंड कुठे होतं ते कळतं. नकाशात न मिळालेली एक गोष्ट मला अशी मिळाली.

प्रमाण कसं ठरवायचं

बाजारात दोन फुटी गेजचे रूळ सगळ्या प्रमाणांत मिळत नाहीत. म्हणून उलट विचार करावा लागतो: जे रूळ मिळतात, त्यांना शोभेल असं प्रमाण कोणतं?

मॉडेलच्या दुनियेत ९ मिलीमीटर गेजचे रूळ आणि त्यावर चालणारी यंत्रणा सहज मिळते, त्याला ‘एन गेज’ म्हणतात. ६१० ला ९ ने भागलं की साधारण ६८ येतात. म्हणजे १:६८ प्रमाण घेतलं तर ९ मिलीमीटरचे रूळ तंतोतंत दोन फुटी होतात. पण १:६८ मध्ये तयार माणसं, बैलगाड्या, ट्रक काहीच मिळत नाही. लष्करी मॉडेलांमुळे १:७२ मध्ये मात्र भरपूर मिळतं. १:७२ ला खरं तर ८.४७ मिलीमीटर गेज हवं, आपले रूळ ९ चे, म्हणजे फरक अर्ध्या मिलीमीटरचा. मी तो पत्करला. या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस सुमारे २३ मिलीमीटरचा होतो, आपल्या करंगळीच्या एका पेरासारखा.

ज्यांची नजर कमी झाली आहे किंवा ज्यांना मुलांबरोबर करायचं आहे, त्यांनी मोठं प्रमाण घ्यावं. ३२ मिलीमीटर गेजचे रूळ १:१९ प्रमाणात बरोबर दोन फूट होतात. त्या मापाची गाडी अंगणात चालवता येते, पण जागा आणि खर्च दोन्ही वाढतात.

माती, रूळ, डबे

फळीसाठी चांगला प्लायवूड वापरावा. आपल्याकडच्या पावसात हलका बोर्ड फुगतो आणि त्याबरोबर रूळही वर येतात. एन गेजचे तयार रूळ घेतलेत तर त्यांचे स्लीपर आपल्या कामासाठी फार लहान आणि फार जवळजवळ असतात. मी स्लीपर काढून टाकले आणि लाकडी पट्ट्यांचे नवे घातले. वेळ जातो, पण रुळांवरची नजर तिथेच ठरते.

जमिनीसाठी खरी माती घ्यावी. चंबळकाठच्या बीहडाचा रंग दुकानातल्या कुठल्याच डब्यात मिळत नाही. माती वाळवायची, मलमलच्या कापडातून चाळायची आणि मग तिच्यातून लोहचुंबक फिरवायचं. हे विसरू नका. मातीतले लोहकण इंजिनाच्या मोटरला चिकटतात आणि ती बंद पडते. निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले की माती छान पकडते. झुडपांना वाळक्या काटक्या, आणि त्यावर वाळवलेला चहाचा चोथा.

इंजिन चित्तरंजनच्या कारखान्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेलं ‘एनडीएम ५’ जातीचं डिझेल. त्याला दोन बोगी आणि प्रत्येक बोगीत चाकांच्या दोन जोड्या. म्हणून एन गेजच्या अशाच रचनेच्या डिझेलचा खालचा सांगाडा घेतला आणि वरचं शरीर पीव्हीसी शीट कापून केलं. विकत घेताना इंजिनाचं रूप पाहू नका, चाकांमधली अंतरं पाहा. रूप तर आपण बदलणारच असतो.

माणसांचं मात्र मोठं काम. १:७२ मध्ये मिळतात ते बहुतेक सैनिक. त्यांच्या बंदुका कापायच्या, टोप्या तासायच्या आणि एम-सीलने धोतर, साडी, पगडी चढवायची. मी आतापर्यंत एकेचाळीस केले. त्यांतले सतरा टपावर बसले आहेत. टपावरच्या माणसांशिवाय छोटी लाइन ही छोटी लाइन वाटतच नाही.

हळू चालवा

सगळं जमल्यावर बहुतेकजण शेवटी चुकतात ते वेगात. श्योपूरला पोचायला या गाडीला दहा-अकरा तास लागत, म्हणजे ताशी सरासरी वीस किलोमीटरहूनही कमी. ताशी वीस किलोमीटरचा वेग १:७२ मध्ये सेकंदाला जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर होतो. दोन मीटरचं स्टेशन ओलांडायला गाडीला जवळपास सव्वीस सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून पाहा. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटतं. मग हळूहळू आपलं लक्ष टपावरच्या माणसाकडे जातं, फलाटावरच्या पेटाऱ्याकडे जातं. आई पहिल्यांदा गाडी बघायला बसली तेव्हा सव्वीस सेकंदांनी म्हणाली, “आत्ता बरोबर. मागच्या वेळी तू ताज एक्स्प्रेस चालवत होतास.”

आपल्याकडून काय हवं

सबलगढचं हे स्टेशन अजून अपुरं आहे. मालाच्या फलाटाची बाजू ‘अंदाज’ या रकान्यातच अडकली आहे. तुमच्यापैकी कुणाचं आजोळ, सासर किंवा नोकरी जौरा, कैलारस, सबलगढ, वीरपूर, श्योपूर या पट्ट्यात झाली असेल, तर घरातला अल्बम एकदा उघडा. फोटो रेल्वेचाच हवा असं नाही. मुंजीला निघालेल्या मंडळींच्या मागे दिसणारा दिव्याचा खांबही उपयोगी पडतो. मूळ प्रत देऊ नका, पुढच्या कार्यक्रमाला येताना बरोबर आणा, तिथेच टिपून घेऊ. मागे तारीख नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून पेन्सिलीने लिहून ठेवा: कोण, कुठे, साधारण कुठलं साल. आणि विचाराल ते याच महिन्यात विचारा.

यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात फळी मांडायचा विचार आहे. मुलांनी गाडी चालवायची आणि आजी-आजोबांनी चुका काढायच्या, अशी वाटणी ठरली आहे. चुका लिहून घ्यायला वही मी आणतो.